शुश्रूषा : रुग्णशय्येपाशी ऐकणारा कोण?

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात पाऊल ठेवावयास जागा नाही आणि टाळमृदंगाच्या घोषात शेजारच्याचा शब्दही ऐकू येत नाही. वारीच्या वाटेवर राज्याच्या आरोग्य खात्याने जागोजाग दवाखाने थाटले, रुग्णवाहिका उभ्या केल्या, वारकऱ्यांच्या फोडाळलेल्या पायांना मलमपट्टी केली. त्या सेवेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तथापि आज आमचे मन घोटाळते आहे ते ज्यांना पंढरीस येता आले नाही त्यांच्यापाशी. सार्वजनिक रुग्णालयांच्या खाटांवर पडून असलेल्या अशा माणसांच्या देहाला औषध मिळते. परंतु 'हे माझ्याच वाट्याला का आले?', 'माझ्या माघारी घराचे काय होईल?', 'मी कोणाचा अपराधी तर नाही ना?' या प्रश्नांचे काय? त्यांची उत्तरे देणे दूरच राहो, ते ऐकून घेण्यासाठी तरी तेथे कोणी नेमलेला आहे काय?

रुग्णसेवेला आपण 'शुश्रूषा' म्हणतो. हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूच्या इच्छार्थक रूपापासून झाला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ मागाहून आला. ज्याला दुसऱ्याचे ऐकावेसे वाटते तोच सेवा करू शकतो, ही जाण आपल्या पूर्वजांनी एका शब्दात साठवून ठेवली. आज आपल्याकडे शब्द राहिला आहे, अर्थ मात्र निसटला आहे.

ही काही पश्चिमेकडून आलेली नवी टूम नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंधराव्या अध्यायात रुग्णासाठी घर कसे सिद्ध करावे याचे वर्णन आहे. वारा, धूर, पाणी, स्वयंपाक, औषधे यांच्या तजविजीबरोबरच तेथे गायनवादनात, कथा-आख्यानांत आणि इतिहासपुराणांत निपुण अशी, रुग्णाचे मन जाणणारी माणसेही ठेवण्यास सांगितले आहे. म्हणजे आम्हां कथेकऱ्यांची जागा रुग्णशाळेच्या मूळ आराखड्यातच होती. त्याच ग्रंथात चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत : दैवावर आधारलेली, युक्तीने योजलेल्या औषधाची, आणि तिसरी सत्त्वावजय, म्हणजे मनाला सावरण्याची. यांपैकी औषधाची चिकित्सा आज रुग्णालयांत पुष्कळ विस्तारली. मनाला सावरणारा मात्र दाराबाहेर राहिला.

इतरत्र काय घडले तेही पाहावे. इंग्लंडात १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हापासून रुग्णालयांतून वेतनावर धर्मसेवक नेमले जात आहेत. आरंभी हे काम ख्रिस्ती पाद्र्यांचेच होते. पुढे हिंदू, मुसलमान, ज्यू आणि शीख सेवकही तेथे आले. २०१५ सालच्या तेथील मार्गदर्शक सूचनांनी तर कोणताच धर्म न मानणाऱ्या रुग्णालाही असा आधार मिळावा हे स्पष्ट केले. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली वेदनाशामक सेवेची जी व्याख्या केली, तीत शारीरिक व मानसिक-सामाजिक दुःखाच्या जोडीला आत्मिक दुःखाचाही उल्लेख आहे. आपल्या देशातही २०१२ साली या सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. परंतु व्याख्या कागदावर आणि रुग्ण खाटेवर! मधले अंतर कोणी चालून जावयाचे? परिचारिकांना अनेक खाटांमागे धावावे लागते. समाजसेवा अधीक्षकांचा दिवस योजनांचे अर्ज आणि शिधापत्रिका तपासण्यात जातो. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. घटकाभर खाटेपाशी बसणे हे ज्याचे नेमून दिलेले काम आहे असा माणूसच तेथे नाही.

यावर एक आक्षेप येतो. आपले शासन कोणत्याही एका धर्माचे नाही, मग त्याने रुग्णालयात धर्माची माणसे का ठेवावीत? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. राज्यघटनेच्या २७ व्या अनुच्छेदानुसार एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कोणासही कर देण्यास भाग पाडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण प्रचार वेगळा व आधार वेगळा. आपल्या भूसेनेत पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्षू हे धर्मशिक्षक म्हणून सरकारी वेतनावर असतात. रुग्णालयातील आजारी जवानांची विचारपूस करणे व बरे होत असलेल्यांसह प्रार्थना करणे हे त्यांच्या कर्तव्यांतच मोडते. जखमी जवानाजवळ असा माणूस बसल्याने शासनाचा निःपक्षपातीपणा ढळत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातील शेतमजुराजवळ तो बसल्याने कसा ढळेल?

मात्र येथे आमचीच एक चूक सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या कीर्तनाला अनेक वर्षे साथ करणारे पेटीवाले एका सरकारी रुग्णालयात अखेरच्या दुखण्याने पडले होते. आम्ही तुळशीपत्र व गंगाजल घेऊन गेलो आणि उशाशी उभे राहून मोठ्याने नामघोष सुरू केला. शेजारच्या खाटेवरील मुलाच्या आईने घाबरून लेकराचे तोंड आपल्या पदराआड घेतले. येथे कोणी तरी जात आहे, असे तिला वाटले. परिचारिकेने नम्रपणे आवाज कमी करण्यास सांगितले, तेव्हा आम्हांस रागच आला. दुसऱ्या दिवशी पेटीवाले म्हणाले, "बुवा, काल तुम्ही माझा शेवट उरकूनच टाकलात. मला एवढंच विचारायचं होतं, धाकटीच्या लग्नाचं कर्ज फिटायच्या आत मी गेलो, तर ते माझ्यामागं येईल का?"

आम्ही खाली बसलो. तासभर ते बोलत होते. आम्ही चार वाक्येही बोललो नसू. नंतर त्यांना शांत झोप लागली. जन्मभर लोकांना ऐकवण्याचा व्यवसाय केलेल्या आम्हांस ऐकणे येत नव्हते, हे त्या दिवशी कळले.

भागवताची कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली असेल. तिच्या आरंभीची खूण मात्र त्या खाटेपाशी ध्यानात आली. सात दिवसांत मृत्यू येणार हे परीक्षितीला ठाऊक आहे. शुकाचार्य त्याच्याजवळ येतात, पण येताच कथा सुरू करत नाहीत. मरणाऱ्या माणसाने काय करावे, हे राजा आधी विचारतो. त्याचा प्रश्न पुरता ऐकून, त्याची प्रशंसा करून मगच शुकमुनी बोलू लागतात. आधी रुग्णाचा प्रश्न, मग आपली वाणी. आत्मिक शुश्रूषेचा सारा नियम एवढाच आहे.

म्हणून ही व्यवस्था व्हावी असे आम्ही म्हणतो तेव्हा कीर्तनकारांच्या फौजा रुग्णालयांत घुसाव्यात असे आम्हांस मुळीच अभिप्रेत नाही. सेवक नेमावा तो रुग्णालयाने, आणि त्याने समाजसेवा अधीक्षकांच्या देखरेखीखाली काम करावे. रुग्णाला दाखल करून घेतानाच, कोणाचा आधार हवा आहे काय, हे विचारावे. 'नको' म्हणणाऱ्याच्या खाटेकडे कोणी फिरकू नये. ज्याचा जो धर्म, त्याला त्या धर्माचा माणूस बोलावून द्यावा. ज्याला धर्मच नको त्याला केवळ ऐकणारा द्यावा. दक्षिणा, अंगारा, ताईत यांना तेथे मज्जाव असावा. औषधोपचाराविषयी सेवकाने चकार शब्द काढू नये. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कीर्तन-प्रवचनाला मोकळीक ठेवली, पण सर्पदंश झालेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा अपराध ठरवला. ती मर्यादारेषा येथेही पाळावी. रुग्णाने सांगितलेले गुपित सेवकाच्या पोटातच राहावे. आणि या सर्वांआधी त्याला शिक्षण द्यावे : हात स्वच्छ धुण्याचे, संसर्ग टाळण्याचे आणि गप्प बसण्याचे.

खर्चाचा प्रश्न निघेल. शिर्डीचे संस्थान रुग्णालये चालवते. मुंबईचा सिद्धिविनायक न्यास गरजू रुग्णांना साहाय्य देतो. अशा देवस्थानांनी सेवकांच्या शिक्षणाचा भार उचलावा, निवड व नियंत्रण मात्र रुग्णालयाकडेच असावे. गाडगेबाबा आमच्याप्रमाणेच कीर्तनकार होते. ते पंढरीस येत, पण देवळात न जाता वाळवंट झाडीत. मुंबईस जे. जे. रुग्णालयापाशी रुग्णांच्या नातलगांसाठी त्यांनी धर्मशाळा उभी केली. रुग्णालयाच्या दारापर्यंतची वाट बाबांनी दाखवली. दारापासून खाटेपर्यंतची वाट आपण चालावयाची आहे.

२०२० च्या आषाढीस संतांच्या पादुका बसने पंढरीस आल्या आणि हे वाळवंट रिकामे होते. त्या महामारीत कित्येकांनी आप्तांचा हात हातात नसताना प्राण सोडले. ज्यांच्या घरात हे घडले त्यांना आम्ही काय सांगत आहोत ते अधिक समजावून देण्याची गरज नाही. ती वेळ अपवादाची होती असे म्हणावे, तर आजही ज्याचे कोणी नाही असा रुग्ण तसाच एकटा जातो आहे.

शासन करील तेव्हा करील. आजपासून चातुर्मास सुरू होत आहे. घरोघरी नेम धरले जातील. कोणी कांदा-लसूण सोडील, कोणी एकभुक्त राहील. त्यांतच आणखी एक नेम धरावा, अशी आमची हात जोडून विनंती आहे. आठवड्यातून एकदा आपल्या ओळखीच्या एका आजारी माणसाजवळ तासभर बसावे. उपदेश करू नये, दुसऱ्यांच्या दुखण्याच्या गोष्टी सांगू नयेत, देवाचे नावही त्याने मागितल्यावाचून घेऊ नये. फक्त ऐकावे. चार महिन्यांनी कार्तिकी एकादशीस या नेमाचे उद्यापन करावयाचे नाही. तो पुढे चालवावयाचा आहे.

रामकृष्णहरी.