जंतुसंसर्ग बाळाला, बोट आईकडे!

जून २०२४ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २१ नवजात बालके दगावली. कमी वजन, अपुरे दिवस अशी कारणे सांगितली गेली. अशा वेळी आपल्या वस्त्यांत पहिले बोट आईकडे जाते. जंतुसंसर्ग म्हटला की तर हमखास!

विज्ञान काय सांगते? जन्मानंतर ७२ तासांत होणारा संसर्ग अनेकदा आईच्या जननमार्गातील जंतूंमुळे होतो. पण हे जंतू निरोगी बाईच्या शरीरातही असतात. तो विटाळ नव्हे, अस्वच्छताही नव्हे. पाणी जाऊन १८ तास उलटले, लघवीतला संसर्ग तपासायचा राहिला, की धोका वाढतो. वेळेवर तपासणी आणि अँटिबायोटिक मिळाले, की तो कमी होतो. ही जबाबदारी कोणाची?

शिवाय २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील तीन रुग्णालयांच्या अभ्यासात पहिल्या ७२ तासांतही रुग्णालयात फोफावणारे असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला हे जंतू आघाडीवर होते. म्हणजे दोष प्रसूतिगृहाचाही असू शकतो.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी ठणकावले होते, की बाळंतपणाच्या लाभाचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. म्हणून कार्यकर्त्यांनो, आईला जाब विचारू नका. वॉर्डात नर्स किती, हात धुवायला पाणी-साबण आहे का, गरोदरपणात लघवी तपासली का, हे प्रशासनाला विचारा. लेखी विचारा.

जय भीम!