दाढेला भूल, मग बाळंतपणाला का नाही?

अक्कलदाढ काढायला गेलात आणि डॉक्टर म्हणाले, 'भूल-बिल काही नाही, जरा सोसा,' तर तुम्ही खुर्चीतून उठून सरळ घरी जाल. बरोबर ना? मग आपली ताई, वहिनी लेबर रूममध्ये तासन् तास कळा देत असते, तेव्हा 'बाईच्या जातीला हे सोसावंच लागतं' हे वाक्य आपण इतकं सहज कसं ऐकून घेतो?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. म्हणजे बाई दवाखान्यात पोचली. पण वेदनेवरचा इलाज तिच्यापर्यंत पोचला का?

आधी थोडं सायन्स. बाळंतपणाची वेदना एकाच वाटेने येत नाही. सुरुवातीच्या कळा गर्भाशयाच्या. त्यांचा निरोप छातीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी पोचतो. बाळाचं डोकं खाली सरकलं की योनीमार्ग आणि आसपासचा भाग ताणला जातो. ती वेदना पुडेंडल नावाच्या नसेतून पार खालच्या मणक्यांपाशी जाते.

एपिड्युरलमध्ये भूलतज्ज्ञ पाठीत बारीक नळी बसवतात आणि तिच्यातून औषध देत राहतात. कळांवर हा उत्तम उपाय. पण काही जणींना खालचा भाग पुरता बधिर होत नाही. मग शेवटी चिमटा लावताना, टाके घालताना जीव जातो. तिथे पुडेंडल ब्लॉक कामी येतो. त्या नसेजवळ दोन्ही बाजूंनी लिग्नोकेनसारख्या औषधाचं इंजेक्शन, बस्स! आपण मात्र 'एपिड्युरल नाहीतर काहीच नाही' एवढंच धरून बसतो.

सातारा-सांगलीसाठी खरा मुद्दा इथेच आहे. मिरजेत १८९४ मध्येच वानलेस हॉस्पिटल सुरू झालं, सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. पण जत, आटपाडी, माण, पाटण इथल्या बाईला रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ मिळेलच असं नाही. पुडेंडल ब्लॉक मात्र प्रशिक्षण घेतलेले स्त्रीरोगतज्ज्ञ स्वतः देऊ शकतात. त्याला महागडं मशीन लागत नाही. हो, त्याने कळा थांबत नाहीत आणि कधीकधी एका बाजूला नीट लागूही पडत नाही. पण निदान टाके तरी कुणी किंचाळत का घालून घ्यावेत?

'पाठीत सुई घेतली की जन्मभर कंबर धरते', 'हमखास सिझर होतं' हे घरोघरी ऐकू येतं. आतापर्यंतच्या संशोधनात हे दिसलेलं नाही. बीपी उतरणं, डोकं दुखणं असे त्रास होऊ शकतात, म्हणून तर लक्ष ठेवायला तज्ज्ञ हवा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये सांगितलंय की, निरोगी गरोदर बाईने मागितलं तर एपिड्युरलचा पर्याय द्यावा.

आता तिने मागावं, तर तिला माहीत तर हवं! इथे तुमचं काम सुरू होतं. घरात कुणाला सातवा-आठवा महिना असेल, तर पुढच्या तपासणीला सोबत जा. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: इथे एपिड्युरल मिळतं का आणि खर्च किती? रात्री भूलतज्ज्ञ असतात का? नसतील तर पुडेंडल ब्लॉक देता का? मुलांनो, तुम्हीही जा. 'बायकांचं काम' म्हणून बाहेर बाकावर मोबाइल बघत बसू नका. आणि मिरज, कराड, साताऱ्यात मेडिकल-नर्सिंग शिकणाऱ्यांनो, हे ब्लॉक नीट शिकून घ्या. उद्या तालुक्याच्या लेबर रूममध्ये तुम्हीच असाल.

कुणाला काहीही न घेता बाळंत व्हायचं असेल, तर तोही तिचाच निर्णय. फक्त तो तिने सगळं माहीत असताना घ्यावा. सासूने, नवऱ्याने किंवा 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' म्हणणाऱ्यांनी तिच्या वतीने घेऊ नये.