घराबाहेरचा पहिला हिशेब

कॉलेजं सुरू झाली की लातूर-नांदेडकडची मुलं पुण्यात खोल्या शोधू लागतात. खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, बसचा पास; घरून आणलेली रक्कम बघता बघता निम्मी होते. उरलेली फोनमधून जाते. २०१६ मध्ये यूपीआय आलं, चहाचे पैसेही सुट्ट्यांवाचून देता येऊ लागले. सोय मोठी, पण खिसा रिकामा होतोय हे हाताला कळेनासं झालं. म्हणून झोपण्यापूर्वी दिवसाचा खर्च लिहाच, असा आमचा आग्रह आहे.

शैक्षणिक कर्जाबद्दल तर घरात फारसं कुणी बोलतच नाही. हप्ता सहसा शिक्षण संपल्यावर सुरू होतो. व्याज मात्र बँकेने फी भरली त्या दिवसापासून चढू लागतं. पाच लाख उचलले आणि दर १० टक्के असला, तर महिन्याला ४,१६६ रुपये! त्यातले हजारभर जरी शिकता शिकता भरले, तरी पुढचा भार हलका होतो. मंजुरीपत्र वडिलांच्या कपाटात ठेवून देऊ नका, स्वतः वाचा.