नॉटिंगहॅमला जमलं, जालन्याला का नाही?

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात १९८० साली क्रिस्टोफर डीन नावाच्या तरुण पोलीस शिपायानं नोकरीचा राजीनामा दिला. जेन टॉर्व्हिल ही त्याची जोडीदार विमा कंपनीत कारकून होती, तिनंही नोकरी सोडली. दोघांना बर्फावर नाचायचं होतं, तेही जगात पहिलं येण्यासाठी. दोघंही साध्या घरातली. नोकऱ्या सुटल्या, आता खर्च कसा भागवायचा? हा प्रश्न त्यांच्या शहराच्या नगर परिषदेनं सोडवला. परिषदेनं दोघांना अनुदान दिलं, त्यामुळे त्यांना दिवसभर सराव करता आला. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी साराजेव्होच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ‘बोलेरो’च्या संगीतावर नाच सादर केला आणि त्या एका नाचासाठी परीक्षकांनी बारा वेळा ६.० म्हणजे पैकीच्या पैकी गुण दिले.

हे आज लिहायचं कारण आपली महानगरपालिका. २०२३ मध्ये जालना नगर परिषदेची महानगरपालिका झाली. नावाबरोबर शहराची जबाबदारीही वाढली, असं मी मानतो.

आधी खेळाबद्दल थोडं. आइस डान्स आणि पेअर स्केटिंग यांत आपल्याकडे हमखास गल्लत होते. पेअरमध्ये पुरुष जोडीदारणीला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो. आइस डान्समध्ये हे चालत नाही. मोठ्या उड्या नाहीत, फेकाफेक नाही, उचललं तरी हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत. गुण मिळतात ते पायांना. स्केटच्या पात्याला मधोमध खाच असते, त्यामुळे पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा होतात. कोणतं पाऊल कोणत्या कडेवर पडलं, शरीर किती झुकलं, दोघांमधलं अंतर वाढलं का, हे सगळं परीक्षक पाहतात. एका पायावर गिरक्या घेत पुढे सरकत जायचं आणि दोघांची गिरकी एकाच क्षणी सुरू होऊन एकाच क्षणी संपली पाहिजे. पाव सेकंदाचा फरकही नजरेत भरतो.

टॉर्व्हिल-डीन जोडी नियमही किती बारकाईनं वाचायची ते बघा. नाचाला ४ मिनिटं १० सेकंदांची मर्यादा होती. ‘बोलेरो’ कितीही कापलं तरी ४ मिनिटं २८ सेकंदांच्या खाली येईना. पण नियमानुसार वेळ मोजायला सुरुवात व्हायची ती स्केटचं पातं बर्फाला लागल्यापासून. म्हणून त्यांनी नाच गुडघ्यांवर बसून सुरू केला आणि पहिले १८ सेकंद पातं बर्फाला लागूच दिलं नाही. ही बुद्धी रोज तासन् तास रिंकवर घालवणाऱ्यालाच सुचते. ते तास त्यांना शहरानं मिळवून दिले होते.

या खेळातली वाटचाल फार दीर्घ असते. अमेरिकेच्या मिशिगनमधली मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट ही जोडी १९९७ मध्ये जुळली, तेव्हा दोघं जेमतेम दहा वर्षांची होती. व्हँकुव्हरच्या २०१० च्या ऑलिम्पिकमध्ये त्यांनी भारतीय नृत्य निवडलं. त्यासाठी तिथल्या एका भारतीय नृत्यशिक्षिकेकडून हस्तमुद्रा शिकले आणि आपल्या माधुरी दीक्षितच्या ‘देवदास’मधल्या ‘डोला रे’वर बर्फावर नाचले. तेव्हा त्यांना रौप्यपदक मिळालं. सुवर्ण मिळालं ते २०१४ मध्ये, सोचीला. म्हणजे एकच जोडीदार, एकच ध्यास आणि मध्ये सतरा वर्षं. इतकी वर्षं केवळ आईबापाच्या खिशावर काढणं मोजक्याच घरांना परवडतं.

भारताचा एकही फिगर स्केटर आजवर ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलेला नाही. डेहराडूनला २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी मोठी रिंक बांधली आणि स्पर्धा झाल्यावर ती वर्षानुवर्षं बंद ठेवली. या गोष्टीचा मला आजही राग येतो. तरी मुलं मागे हटलेली नाहीत. २०२४ मध्ये लेहच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत महाराष्ट्राच्या स्केटरांनी पदकं आणली. बर्फ न पडणाऱ्या राज्यातली ही मुलं बर्फापर्यंत पोहोचतात ती चाकांच्या स्केटवरून.

जालन्यात बर्फाची रिंक बांधा, असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात बेचाळीस अंशांत तो बर्फ टिकवणं म्हणजे विजेची नासाडी. पण रोलर स्केटिंगमध्येही कलात्मक प्रकार आहे, त्यात जोडीचा नाच आहे आणि त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. रेल्वेनं एका रात्रीच्या अंतरावर असलेल्या हैदराबादच्या अनुप यामानं २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत याच प्रकारात दोन कांस्यपदकं जिंकली. त्यातलं एक अवनी पांचाळसोबत, जोडीचं.

त्यासाठी लागतं काय? ट्रिमिक्स केलेली गुळगुळीत, सपाट जमीन, भोवती कठडा, वर पत्र्याची शेड, संध्याकाळसाठी दिवे. सळई तर आपल्या गावातच बनते. आज आपली मुलं गुडघ्या-कोपरांना पॅड बांधून रस्त्यावर शिकतात. चाकाखाली बारीक खडा आला की मूल तोंडावर आपटतं आणि मागून टेम्पो येत असतो. अशा रस्त्यावर सरळ धावणं कसंबसं जमेल, एका पायावरची गिरकी कशी घोटायची?

‘आधी नळाला पाणी द्या, मग नाच,’ असं कुणी म्हणेल. जालनेकर म्हणून पाण्याचं दुखणं मलाही ठाऊक आहे आणि पाणी पहिलंच, यात वाद नाही. पण एका शेडच्या खर्चानं पाणीयोजना अडत नाही. इथल्या मुलांना हे झेपेल का, अशीही शंका कुणी काढेल. तर क्रिकेटपटू विजय झोल याच जालन्याचा. त्यानं २०११ मध्ये कूचबिहार करंडकात नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. गुणवत्ता इथं आहे, हे त्यानं दाखवून दिलंय. क्रिकेटला निदान मोकळं मैदान तरी मिळतं, स्केटिंगला तेही नाही.

महानगरपालिकेनं येत्या अंदाजपत्रकात रोलर रिंकसाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि राष्ट्रीय पातळीवर पोहोचणाऱ्या खेळाडूला निदान तीन वर्षं मासिक अनुदान द्यावं. ज्यांची मुलं पहाटे रस्त्यावर स्केट बांधतात, त्या पालकांनी या आठवड्यात एकत्र येऊन आपल्या नगरसेवकाला तसं लेखी निवेदन द्यावं आणि त्याची पोच मागून घ्यावी.