गाडी गॅसवर धापा का टाकते?



अ‍ॅम्बॅसडर निघायची बंद झाली २०१४ साली, पण काही घरांतून ती अजून जपलेली आहे. पेट्रोल परवडेना म्हणून तिला सीएनजीचे किट बसवतात आणि तक्रार सुरू होते : पेट्रोलवर कशीबशी चालते, गॅसवर घेतली की उभ्या जागी बंद पडते. मिस्त्री म्हणतो, इंजिन खोला. हजारो रुपये मोजण्याआधी अर्धा तास द्या.

विहिरीवरच्या पंपाच्या सक्शन पाइपाला बारीक भोक पडले की पंप हवा घेतो आणि पाणी उचलत नाही. इथेही तसेच आहे. पिस्टन खाली जाताना इंजिन ओढ घेते. तिलाच मिस्त्री व्हॅक्यूम म्हणतात. जुन्या पद्धतीच्या किटमध्ये गॅस या ओढीनेच मिक्सरमधून येतो. कार्ब्युरेटरच्या पुढे कुठे फट असली, तर हवा तिथून शिरते आणि गॅसची ओढ कमी पडते.

आधी गाडी दोन्ही इंधनांवर चालवून पाहा. दोन्हींवर अडखळत असेल तर दोष बहुधा इंजिनाच्या बाजूला, म्हणजे हवेची गळती, प्लग किंवा व्हॉल्व्ह. फक्त गॅसवर अडखळत असेल तर एअर फिल्टर, मिक्सर, रेग्युलेटर आणि प्लग पाहा. किंचित गळती पेट्रोलवर झाकली जाते, गॅसवर उघडी पडते, हेही ध्यानात असू द्या.

आता इंजिन मंद चालू ठेवून रबरी नळ्या एकेक करून चिमटीत दाबा. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक नळी विसरू नका. एखादी दाबताच इंजिन सुधारले, तर त्या नळीचा मार्ग तपासा. मग रबरी नळीचा हातभर तुकडा कानाला लावून दुसरे टोक मॅनिफोल्डच्या आणि कार्ब्युरेटरच्या सांध्यांवरून फिरवा. फुसफुस ऐकू आली की गॅस्केट गेले समजा. पदर आणि धोतराचा सोगा पंख्यापासून दूर ठेवा. गळती शोधायला पेट्रोल शिंपडू नका, भडका उडेल.

एवढ्याने भागले नाही तर व्हॅक्यूम गेज लावून घ्या. धडधाकट इंजिन मंद चालताना काटा १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. मात्र उंचीवर दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी दिसते, म्हणून पुण्याकडे पंधरा-सोळा दिसले तर घाबरू नका. काटा स्थिर पण फार खाली असेल तर गळती किंवा टायमिंग मागे. ठरावीक ठेक्याने झटका खात असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. मगच इंजिन खोला.

गॅसच्या नळ्यांचे सांधे इंजिन बंद करून साबणाच्या पाण्याने तपासा. बुडबुडे दिसले तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गाडी जाणकाराकडे न्या. सांधा स्वतः सोडू नका, आत सुमारे २०० बार दाब असतो. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करायची असते. पाटीवरची तारीख आजच पाहा.