छंद दाखवायचा कसा?

दोस्तांनो, धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाचं जुनं नाव तगर. सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक ग्रंथात या बाजारपेठेचा उल्लेख आहे. याच गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांना जुन्या वस्तू जमवण्याचा भारी नाद! मातीच्या मूर्ती, मणी, नाणी... हे सगळं कपाटात कुलूपबंद राहिलं असतं तर? पण त्यांच्या संग्रहातूनच तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. वस्तू डोळ्यांनी पाहायच्या, म्हणून संग्रहालय. तेरच्याच संत गोरोबाकाकांनी मनातलं सांगायला अभंग निवडला, कारण तो गाता येतो, ऐकता येतो.

आता तुम्हांला तुमचा छंद इंटरनेटवर मांडायचाय? मग आधी स्वतःला विचारा, माझ्या छंदातली खरी गंमत कशात आहे? तिकिटं, नाणी असतील तर चांगल्या उजेडात काढलेला फोटो आणि खाली दोन ओळी पुरेत. चाकावर मडकं कसं आकार घेतं, हे नुसत्या शब्दांत कळत नाही. तिथं व्हिडिओच हवा. आजीच्या ओव्या, पाखरांचे आवाज रेकॉर्ड करा. 'असं का होतं?' हे उलगडायचं असेल, तर सरळ लेख लिहा. सगळे व्हिडिओ करतात म्हणून आपणही करायचा, असं नाही हं!

मात्र काहीही टाकण्याआधी आई-बाबांना दाखवा. घरचा पत्ता, फोन नंबर, शाळेचं नाव त्यात नको. मग एखाद्या मित्राला दाखवा. तो "अजून आहे का रे?" म्हणाला, की समजा, निवड अचूक!