न्यायाधीशांचा न्याय कोणी करावा?

अमेरिकेतील कोलोराडो राज्याचे माजी मुख्य न्यायमूर्ती नेथन कोट्स यांच्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर ठपका ठेवण्यात आला. न्यायालयीन प्रशासन सोडून गेलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला सुमारे २५ लाख डॉलरचे प्रशिक्षणाचे कंत्राट मंजूर करताना त्यांनी पुरेशी शहानिशा केली नव्हती. तिथल्या मुख्य न्यायमूर्तींवर अशी कारवाई पहिल्यांदाच झाली. पण न्यायाधीशांच्या गैरवर्तनावर शेवटचा शब्द राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा, आणि इथे तर त्याच न्यायालयाच्या प्रमुखावर आरोप! अखेर अपील न्यायालयातील सात न्यायाधीशांचे खास पीठ बसवावे लागले. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच सहकाऱ्यांकडे निकाल सोपवणारी ही रचना मुळातच सदोष होती.

म्हणूनच ही रचना बदलणाऱ्या, कोलोराडोच्या राज्यघटनेतील ‘दुरुस्ती एच’ला नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात सुमारे ७३ टक्के मते मिळाली, याचे मला मनापासून समाधान वाटते. आता चार जिल्हा न्यायाधीश, चार वकील आणि चार सामान्य नागरिक अशा बारा जणांच्या मंडळातून प्रत्येक गटातला एक, असे तिघे चिठ्ठी टाकून निवडले जातील आणि तेच सुनावणी घेऊन शिक्षा ठरवतील. औपचारिक आरोप दाखल होताच प्रकरण जनतेसमोर येईल. पूर्वी न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या आयोगाची शिफारस सर्वोच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत सारे गोपनीय असे. कॅलिफोर्नियाने तर १९९४ मध्येच शिस्तभंगाच्या आयोगात बिगरकायदेतज्ज्ञ नागरिकांचे बहुमत केले.

‘दुरुस्ती एच’मुळे न्यायाधीश दबावाखाली निकाल देतील, ही भीती मला पटत नाही. इथे चौकशी वर्तनाची आहे; निकाल चुकला तर त्यासाठी अपील आहेच. खोट्या तक्रारींनी बदनामी होईल, हा आक्षेप अधिक वजनदार. पण प्राथमिक तपास अजूनही गोपनीयच राहतो, त्यामुळे निराधार तक्रार तिथेच संपू शकते. खरी चिंता वेगळीच आहे. वकील आणि नागरिक मिळून बारापैकी आठ जागांवर गव्हर्नर नेमणुका करणार. राज्याच्या सिनेटची मंजुरी लागते आणि प्रत्येक प्रकरणासाठी चिठ्ठी पडते, हे खरे. पण चिठ्ठ्या टाकायच्या भांड्यात एकाच राजकीय गोटातली माणसे भरली, तर चिठ्ठीचा उपयोग काय? नेमणुकीसाठी नाव पुढे येईल तेव्हा त्या व्यक्तीचे पक्षाशी आणि खुद्द गव्हर्नरांशी काय संबंध आहेत, याची सिनेटने उघड उलटतपासणी घ्यायला हवी.